ओळखीच्या नावांचे परके नगर

खरिपाचा माल आडतीला लागून दिवाळी उलटली की जळकोट-उदगीर भागातून अलीकडे एक नवी यात्रा निघू लागली आहे. ही यात्रा पंढरपूरची नव्हे की माळेगावच्या खंडोबाचीही नव्हे. ती बँकॉकची आहे. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांची ठरलेली विक्री पार पाडणाऱ्या कृषी सेवा केंद्रचालकांना कंपन्या बक्षीस म्हणून थायलंड दाखवून आणतात. सिमेंट आणि रंग विकणाऱ्यांनाही हा योग येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांपुरती व्हिसाची अट सैल केली, तेव्हापासून स्वखर्चाने जाणाऱ्यांचीही त्यात भर पडली. हैदराबाद गाठले की तेथून विमानाने साडेतीन तासांच्या आसपास बँकॉक येते. जळकोटहून रात्रीच्या बसने मुंबईला जायचे तर याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

अशा प्रवासाला निघालेल्या गृहस्थाला बसस्थानकावर कसा निरोप मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘काय आण्णा, वहिनींना सांगून निघालात नव्हं?’ असे कोणीतरी विचारतो, बाकीचे हसतात आणि आण्णाही ओशाळून हसतात. या विनोदामागे एका महानगराविषयीचे आपले सारे ज्ञान येऊन थांबते. त्या शहरात देहविक्रयाचा बाजार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही; मात्र तो बाजार गिऱ्हाइकांवर चालतो आणि त्या गिऱ्हाइकांत आपलीही माणसे असतात, हे हसणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. एवढ्या जवळचे, आणि नावांनी तर घरचेच वाटणारे ते नगर आपल्याला किती थोडे कळते, आणि त्या अज्ञानात आपण कोणत्या शिकवणीला मुकतो, हा आहे.

नावांची भूल

विमानतळावर उतरताच भूल पडायला सुरुवात होते. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. प्रस्थानकक्षात समुद्रमंथनाचे भव्य शिल्प; एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये वासुकी. बँकॉक हे नाव मुख्यतः परदेशीयांच्या तोंडी असते. स्थानिक माणूस आपल्या शहराला क्रुंग थेप, म्हणजे देवांचे नगर, म्हणतो. त्याचे विधिपूर्वक घ्यायचे संपूर्ण नाव तर एखाद्या स्तोत्रासारखे लांबलचक आहे. त्यात इंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, अवतार, विश्वकर्मा हे सारे शब्द थाई उच्चारांनी येतात आणि इंद्राच्या आज्ञेने विश्वकर्म्याने हे नगर उभारले, असा त्याचा भावार्थ आहे. प्रत्यक्षात ते उभारले पहिल्या रामाने, १७८२ साली. अयुथ्या ही पूर्वीची राजधानी ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये उद्ध्वस्त केली. मराठे आणि निजाम यांची उदगीरची लढाई १७६० ची आणि पानिपत १७६१ चे, हे ध्यानी घेतले म्हणजे काळाचे माप कळते. जुनी अयोध्या जळाल्यावर नवी वसवणाऱ्या राजवंशातील प्रत्येक राजाला राम हीच संज्ञा आहे. सध्याचे राजे दहावे राम; त्यांचे वज्रालोंगकोर्न हे नाव आपल्या लिपीत उतरवले तर ते वज्रालंकार होते.

वारांची नावे ऐकावीत. आथित म्हणजे आदित्य, चान म्हणजे चंद्र, आंगखान म्हणजे अंगारक, फुत म्हणजे बुध. प्रत्येक वाराला ग्रहाप्रमाणे स्वतःचा रंग आहे. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी. सध्याचे राजे आणि त्यांचे वडील दोघेही सोमवारी जन्मलेले, म्हणून राजाच्या गौरवाच्या प्रसंगी सारे शहर पिवळे होते.

महिन्यांची योजना तर आपल्या पंचांगकर्त्यांनाही कौतुक वाटावी अशी आहे. इंग्रजी जानेवारीला तेथे मकराखोम म्हणतात, एप्रिलला मेसायोन, सप्टेंबरला कन्यायोन. मकर, मेष, कन्या या आपल्या राशी. ज्या महिन्याचे दिवस ३१, त्याच्या शेवटी ‘खोम’, म्हणजे आगम. ज्याचे ३०, त्याच्या शेवटी ‘योन’, म्हणजे आयन. आणि २८ दिवसांच्या बिचाऱ्या फेब्रुवारीसाठी ‘फान’, म्हणजे बंध, हा वेगळाच प्रत्यय. महिन्याचे नाव उच्चारले की दिवस कळतात. मुठीच्या उंचवट्यांवर बोट फिरवीत मोजण्याचे कारण नाही. आता ही योजना प्राचीन ऋषींची असेल, असे आपल्याला वाटणार. ती १८८९ मधली आहे आणि देववंश नावाच्या राजपुत्राने केलेली आहे.

पहिला धडा येथे मिळतो. जे प्राचीन वाटते ते अर्वाचीन असू शकते. थाई माणूस हात जोडून ‘सवात्दी’ म्हणतो. त्यातला ‘स्वस्ति’ आपल्या कानांना तत्काळ ओळखू येतो आणि वैदिक काळापासून चालत आलेला हा उद्गार असावा, असा समज होतो. वस्तुतः चुलालोंगकोर्न विद्यापीठातील एका भाषापंडिताने हा अभिवादनाचा शब्द विसाव्या शतकात घडवला आणि सरकारने तो १९४३ मध्ये अधिकृतपणे रूढ केला. इंग्रजी संज्ञांना पर्याय हवा असला म्हणजे आपण जसे संस्कृतकडे जातो, तसेच तेही गेले. प्रजाधिपत्यावरून त्यांनी लोकशाहीसाठी शब्द केला, राष्ट्रपालावरून सरकारसाठी. मात्र अर्थ त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवले. ‘महाविथ्यालाय’ अशी पाटी वाचून आपला मनुष्य आत गेला तर तो कॉलेजात नव्हे, विद्यापीठात शिरलेला असेल. ‘ख्रू’ हा गुरूच. परंतु तो शाळेतला मास्तर. शब्द ओळखीचा निघाला म्हणून अर्थ ओळखीचा असतोच असे नाही.

आपला मारुती आणि त्यांचा

शब्दांचे जे, तेच देवांचे. राजवाड्याच्या आवारातील वात फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचे मंदिर, याच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रे आहेत. बुद्धमंदिराच्या भिंतीवर रामायण, हे पहिले आश्चर्य. त्याहून मोठे आश्चर्य हनुमंताचे. आपल्या गावांत वेशीवर मारुतीचे देऊळ असते आणि तो बालब्रह्मचारी आहे याविषयी तालमीतल्या पोराला शंका नसते. ‘रामकियन’ या थाई रामकथेत मात्र हनुमान शूर, हजरजबाबी आणि चांगलाच रसिक आहे. सेतू बांधताना आड आलेल्या सुवर्णमत्स्येच्या प्रेमात तो पडतो. बिभीषणाच्या मुलीशीही त्याचे जुळते. मुखवटे घालून होणाऱ्या ‘खोन’ या नृत्यनाट्यात हे प्रसंग प्रेक्षक कौतुकाने पाहतात.

हे ऐकून आपल्याकडचा कोणी भाविक दुखावेल, कोणी ‘यांनी आपले रामायण बिघडवले’ असे म्हणेल. परंतु कथा ज्या देशात मुक्कामाला राहते, त्या देशाचे अन्नपाणी तिच्या अंगी लागणारच. थाई माणसाला विचारले तर तो ही कथा भारताकडून उसनी आणली आहे असे मानून चालत नाही. ती त्याच्या अयुथ्येची आहे, त्याच्या रामाची आहे.

१९५६ सालचे दोन प्रसंग

बँकॉकमधील सर्वांत गजबजलेल्या चौकांपैकी एकात ब्रह्मदेवाचे उघडे देवालय आहे. एरावान या नावाने ते प्रसिद्ध आहे. ऑफिसला जाणाऱ्या मुली, टॅक्सीवाले, व्यापारी, सारे तेथे उदबत्ती लावतात, झेंडूच्या माळा वाहतात, लाकडी हत्ती अर्पण करतात. नवस फळाला आला की पैसे भरून नर्तकींकडून देवापुढे नृत्य करवतात. पुष्कर सोडले तर ज्याच्या मंदिराचे नाव आपल्याला चटकन आठवत नाही, त्या चतुर्मुखाचे हे वैभव पाहून आपला मनुष्य थक्क होतो. या देवालयाचा इतिहास मात्र साधा आहे. एका हॉटेलाचे बांधकाम चालू असताना एकामागून एक विघ्ने येऊ लागली, ज्योतिषाने सल्ला दिला आणि ब्रह्मदेवाची स्थापना झाली. २००६ मध्ये एका मनोरुग्णाने मूर्ती फोडली, ती पुन्हा बसवली गेली. १७ ऑगस्ट २०१५ रोजी तेथे बाँबस्फोट होऊन २० माणसे मेली, तरी दोन दिवसांत हात पुन्हा जोडले गेले.

स्थापनेची तारीख होती ९ नोव्हेंबर १९५६. मराठवाड्यातल्या वाचकाला यावरून दुसरी तारीख आठवल्यावाचून राहणार नाही. त्याआधी चारच आठवड्यांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपल्या अनुयायांना त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. एकाच शरद ऋतूत नागपूरचा नवबौद्ध ब्रह्मदेवाला निरोप देत होता आणि बँकॉकचा जुना बौद्ध त्याला चौकात बसवत होता.

यांतले कोण चुकले? दोघांपैकी कोणीही नाही, असे आमचे मत आहे. पाली परंपरेत ब्रह्मा हा सृष्टीचा मालक नव्हे. बोधिप्राप्तीनंतर बुद्धाने लोकांना उपदेश करावा, अशी हात जोडून विनंती करणारा तो आहे. देव आहे, पण बुद्धाहून लहान आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांना बौद्ध परिभाषेत ब्रह्मविहार म्हणतात आणि त्या चार मुखांचा अर्थही तेथे तसाच लावला जातो. आपल्याकडे ब्रह्मदेवाच्या मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांतून चार वर्ण निघाल्याचे सांगितले गेले आणि त्या पायांखालीही ज्यांना जागा नव्हती त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी नाकारला तो हा ब्रह्मदेव. बँकॉकच्या चौकातल्या ब्रह्मदेवाच्या माथी हे पाप नाही. तेथे राजदरबारी ब्राह्मण आहेत, त्यांचे देवस्थान नावाचे मंदिर आहे, राज्याभिषेकात त्यांना मान आहे. २०१९ च्या राज्याभिषेकातही तो होता. पण ते मूठभर विधिकर्ते आहेत. त्यांच्याखाली वर्णांची उतरंड नाही आणि कोणाची सावली कोणाला बाटवीत नाही. देव समुद्रापार गेले. जात गेली नाही.

अर्थात तेथे उच्चनीचता नव्हती, असे समजून भाबडे होऊ नये. जुन्या सयाममध्ये प्रत्येकाची पायरी आकड्यांत मोजली जाई. ‘साक्दिना’ हे त्या पद्धतीचे नाव. साक्दी म्हणजे शक्ती आणि ना म्हणजे भातखाचर. माणसाचे वजन जमिनीच्या मापात. सामान्य प्रजाजन २५ च्या आत, दास ५. दास्य कायद्याने संपायला १९०५ साल उजाडले. आजही नमस्कार करताना बोटांची टोके किती उंच न्यायची, हे समोरच्याच्या मानावर ठरते. राजाचा अवमान हा तेथे तीन ते पंधरा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, ही गोष्ट चावडीवरच्या मोकळ्या गप्पांची सवय असलेल्या आपल्या प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावी. तथापि त्यांची उतरंड राजाने रचली होती आणि राजाज्ञेने ती मोडताही आली. आपली उतरंड धर्माने रचल्याचे सांगितले गेले, म्हणून ती मोडण्यासाठी एका मोठ्या माणसाला धर्मच सोडावा लागला.

बैलांचे भाकीत

शेतकऱ्याच्या डोळ्यांना सुखावणारे दृश्य मात्र मे महिन्यात दिसते. राजवाड्यालगतच्या सनाम लुआंग मैदानात, ब्राह्मण ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तावर, राजनांगरणीचा सोहळा होतो. सजवलेल्या बैलजोडीमागे नांगर धरून चालतो तो कोणी पुरोहित नव्हे. कृषी मंत्रालयाचा सर्वोच्च सनदी अधिकारी हा मान सांभाळतो. घडी घातलेल्या तीन धोतरांतून तो न पाहता एक उचलतो आणि त्याच्या लांबीवरून पाऊस सांगितला जातो. नंतर बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि मद्य असे सात पदार्थ ठेवतात. बैलाने धान्याला तोंड लावले तर पीक चांगले, पाणी-गवताला लावले तर पाणी मुबलक, आणि मद्याला लावले तर व्यापारउदीम वाढणार! सोहळा संपताच शेतकरी दोऱ्या ओलांडून मैदानात धावतात आणि नांगराच्या तासांत पेरलेले भाताचे दाणे वेचून घरच्या बियाण्यात मिसळतात. मध्यंतरी बंद पडलेला हा विधी १९६० मध्ये पुन्हा सुरू झाला.

अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यातील भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या आपल्याला यात परके काय वाटावे? परके एवढेच, की तेथे सरकारचा कृषिसचिव स्वतः बैलांमागे चालतो. भाकितावर विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु वर्षातून एक दिवस सचिवाने नांगर धरावा, ही कल्पना उचलण्यासारखी आहे. कृषी सेवा केंद्रांच्या चालकांना थायलंडला न्यायचेच, तर हा दिवस साधून न्यावे, असे कंपन्यांना सुचवावेसे वाटते.

पाहुण्याची रीत

रीतिरिवाजांत सारखेपणाच माणसाला अधिक फसवतो. आपल्याकडे मूल जवळ आले की आपण मायेने त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. तेथे मस्तक हे शरीराचे पवित्र स्थान. परक्याने लेकराच्या डोक्याला हात लावणे असभ्य ठरते. पाय लागला तर आपणही नमस्कार करतो. तेथे तर मूर्तीकडे किंवा माणसाकडे तळवे करून बसणेही वर्ज्य आहे. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले की स्थानकावरची गर्दी जागच्या जागी उभी राहते, आपणही राहावे. बुद्धमूर्ती ही दिवाणखान्याची शोभा नव्हे, आणि ती देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो.

पहाटे भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात, तेव्हाचे दृश्य तर न चुकता पाहावे. घालणारा गुडघे टेकतो, पात्रात अन्न ठेवतो आणि हात जोडतो. घेणारा आभार मानत नाही. उपकार घेणाऱ्यानेच केला, ही त्यामागची भावना. माधुकरीची परंपरा सांगणाऱ्या आपल्याला हे समजायला जड नाही. पात्रात मांसही पडते आणि जे पडेल ते भिक्खू मध्यान्हापूर्वी खातो, हे मात्र आपल्याकडच्या अनेकांना जड जाते. स्त्रियांनी भिक्खूला स्पर्श करू नये, हाही नियम पाळावा लागतो.

या भिक्खूंची ओळख आता मराठवाड्यालाही झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये थायलंडमधील शंभराहून अधिक भिक्खू बुद्धधातू घेऊन परभणीहून पायी निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईच्या चैत्यभूमीला पोहोचले. वाटेवरच्या गावांनी त्यांचे स्वागत कसे केले, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. ते आमच्याकडे पायी आले. आपण त्यांच्याकडे विमानाने जातो आणि बहुधा बाजार पाहून परततो.

आंबिलीचा तांब्या

बँकॉकहून परतलेली माणसे दोन तऱ्हेचे अहवाल देतात. एक म्हणतो, ‘ते सगळे मुळात आपलेच, राम, ब्रह्मा, गणपती सारे आहे तिथे.’ दुसरा म्हणतो, ‘तो आमचा देश, तिथे घरोघर बुद्ध आहे.’ दोघेही एकाच गावचे, बहुधा एकाच विमानातले. आणि दोघेही तेथे स्वतःचाच आरसा पाहून आलेले. ज्या गावकऱ्याने ब्रह्मदेवाला उदबत्ती लावून वळून बुद्धाला वंदन केले, त्याला यांच्या भांडणाचा अर्थ लागणार नाही.

वास्तविक हे समजून घेण्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. औशाजवळच्या खरोशाच्या लेण्यांत एकाच डोंगराच्या पोटात बुद्धही आहे आणि शिवपार्वतीही. आणि मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला पुण्या-मुंबईचा पाहुणा लातुरात उतरला तर रस्ते ओस पाहून त्याला संचारबंदी लागली असे वाटते. सारे शहर शेतात गेलेले असते. हा सण, त्याचे नावही, कर्नाटकातल्या येळ्ळ अमावास्येवरून आले. पलीकडचा कन्नड पाहुणा त्या दिवशी बांधावर येऊन ‘हा सण आमचा’ असे म्हणाला, तर आपण वाद घालत नाही. त्याला कडब्याच्या खोपीशी बसवतो, भज्जी वाढतो, आंबिलीचा तांब्या पुढे करतो. सण कोठून आला हे खरे. तो कोणाचा झाला, हेही तितकेच खरे.

बँकॉकला जाणाऱ्या आण्णांनी एवढेच मनाशी बाळगून जावे. तेथे भेटणारा राम आपल्याकडून गेला असेल, पण आता तो त्यांचा आहे. त्याला भेटताना मालकाच्या नव्हे, पाहुण्याच्या पावलांनी जावे. आणि परत येताना, देव नेले पण जात नेली नाही अशा एका शहराची आठवण सोबत आणावी. बसस्थानकावर उतरल्यावर सांगण्यासारखे मग पुष्कळ असेल, आणि ते वहिनींसमोरही सांगता येईल.